कोणतीही हरकत न घेता

"कागद पुढ्यात आला की आधी शेवटची ओळ वाचत जा, सूनबाई. वरच्या ओळी गोड बोलायला ठेवलेल्या असतात. खरं काय ते खाली, सहीच्या जागेच्या जरा वर, दबा धरून बसलेलं असतं."

सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण सुरेशने टेबलावरून तो कागद सरकवला, वर पेन ठेवलं, आणि निर्मलाच्या कानात त्यांचा आवाज इतका स्वच्छ उमटला की तिने नकळत पदर सारखा केला. नारायणराव धानोरकर छप्पन साली सरकारी कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या तेव्हा कारकून म्हणून आले, आणि जन्मभर कर्मचारी संघटनेचं काम करत राहिले. देव मानत नसत. सुनेच्या सोमवारच्या पूजेला बेल मात्र स्वतः तोडून आणत, आणि वर म्हणत, "तुझ्या महादेवाला सांग, एवढी हमाली केली, एक दिवसाची पगारी रजा दे म्हणावं."

निर्मलाने शेवटची ओळ वाचली.

कागद सरकारी हिंदीत होता. त्याचा अर्थ असा, की वर नावं लिहिलेल्या चौदा महिला कामगारांनी, आपली प्रतिनिधी श्रीमती निर्मला धानोरकर यांच्या उपस्थितीत, कोणतीही हरकत न घेता, रात्रपाळीला संमती दिली. तारीख मागच्या सोमवारची. चौदा नावांत नववं नाव नफीसाचं.

"काकू, बोलायचं कुठे आहे?" सुरेश म्हणाला. सुपरवायझर झाल्यापासून त्याला घाई फार. "तुमचं मौन अजिबात मोडत नाही बघा. फक्त सही. इथे एक, आणि मागच्या पानावर एक."

घड्याळात साडेदहा झाले होते. निर्मलाचं सोमवारचं मौन बारापर्यंत असे. श्रावण महिन्याचा हा तिचा नेम, सव्वीस वर्षांचा. सोमवारी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तोंडातून शब्द नाही, लिहून सांगणं नाही, मानेने हो-नाही नाही. कामापुरत्या हाताच्या खुणा तेवढ्या चालत, कारण धुलाईघरात त्या खुणांशिवाय कुणाचंच चालत नसे.

बाग सेवनियाच्या पलीकडे, होशंगाबाद रोडपासून आत, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये हे धुलाईघर होतं. शहरातल्या पाच-सहा रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे इथे येत. धुण्याच्या यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्या बाईशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. म्हणून खुणा. एक बोट म्हणजे चादर, दोन म्हणजे अभ्रा. दोन्ही हात छातीपुढे कोपरापासून एकमेकांवर आडवे धरले की चादरींत इंजेक्शनची सुई सापडली, सगळ्यांनी जागच्या जागी थांबा. ही खूण कुणीही केली तरी सगळी यंत्रं बंद व्हायचीच. हा मालकांचाच नियम, भिंतीवर चित्र काढून लावलेला.

निर्मलाने पेन उचललं, कागदावरून बाजूला ठेवलं, आणि हात मांडीवर घेतले.

सुरेशचा चेहरा उतरला. "काकू, तीन वाजता लेबर ऑफिसात नफीसाच्या तक्रारीची सुनावणी आहे. साहेबांना हा कागद न्यायचाय. माझी नोकरी घालवाल."

सुरेशने फोन काढला आणि बाहेर गेला.

मागचा सोमवार आठवडाभर तिच्या मनातून जात नव्हता.

त्या दिवशी दहा वाजता यंत्रं बंद करवून मालक स्वतः बोलायला उभे राहिले होते. रवींद्रभाऊ. निर्मलाचे यजमान यशवंतराव गेल्यावर याच माणसाने तिला काम दिलेलं. त्यांची बायको क्षितिजा आणि निर्मला एकाच भजनी मंडळात. रवींद्रभाऊ म्हणाले, रुग्णालयांना आता पहाटे सहाला चादरी लागतात, रात्रपाळी सुरू करावी लागेल, नवे कामगार कायदे आलेत, त्यात बायकांना रात्री काम करण्याचा हक्क मिळालाय, गाडी घरापर्यंत सोडेल. "किसी को आपत्ति है?" त्यांनी विचारलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी निर्मलाकडे. तिला चार अक्षरं येतात, मालकांशी मराठीत बोलता येतं, म्हणून कुठलंही गाऱ्हाणं तिच्याच तोंडून जात असे. निर्मलाने मान खाली घातली. मनात म्हणाली, बारानंतर विचारतील तेव्हा सांगू. रवींद्रभाऊंनी पाच मोजण्याइतका वेळ थांबून "बहुत अच्छा" म्हटलं आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली. बारानंतर कुणी काही विचारलंच नाही.

खरी चूक तिला गुरुवारी कळली. नफीसाला रात्रपाळी लावली होती. नफीसाचं घर ऐशबागेत, सासूला रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागे. पहिल्या रात्री घरी सोडणारी गाडी आलीच नाही, पहाटे दोनला ती होशंगाबाद रोडवर अर्धा तास एकटी उभी होती. दुसऱ्या रात्रीपासून ती आली नाही. तिसऱ्या दिवशी फलकावर तिचं नाव खोडलेलं.

"पण तू त्या दिवशी बोलली का नाहीस?" निर्मलाने फाटकाबाहेर तिला विचारलं होतं.

"आप नहीं बोलीं, इसलिए," नफीसा म्हणाली. "हम सब समझे आपका व्रत तो राखी पे खतम हो गया. सावन तो निकल गया ना, काकी? आप चुप रहीं तो लगा, काकी ने सोच-समझ के मान लिया है."

तेव्हा निर्मलाला डोकं धरून बसावंसं वाटलं. इथल्या लोकांचा सावन पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. पंधरा दिवसांचा फरक. इतकी वर्षं भोपाळात काढली, दर वर्षी शेजारणींना हसत हसत समजावलं, "अहो, आमचे सोमवार अजून उरलेत." आणि नेमक्या याच वर्षी, नेमक्या याच चौदा जणींना सांगायचं राहिलं. तिने देवासाठी राखलेलं मौन त्यांनी सल्ला म्हणून घेतलं होतं, आणि मालकाने होकार म्हणून.

बाहेर गाडीचं दार वाजलं. रवींद्रभाऊ आत आले, सुरेशला डोळ्यांनीच बाहेर काढलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"वहिनी, तुम्ही बोलू नका. मीच बोलतो." आवाज मऊ होता. "यशवंता गेला तेव्हा मी तुमच्या दारात उभा होतो की नाही? मंडळात दहा जणी काम मागत होत्या. मी म्हटलं, आधी निर्मलावहिनी. का? आपली माणसं. परमुलखात आपण एकमेकांना नाही धरायचं, तर कोण धरणार?"

निर्मला भिंतीवरच्या सुईच्या चित्राकडे बघत होती.

"ती नफीसा आज तुमच्यापुढे रडतेय. उद्या दुसरीकडे काम मिळालं की तुमचं नावही विसरेल. तुम्हाला वाटत असेल, मी राक्षस आहे. तीन रुग्णालयांनी सांगितलंय, सकाळी सहाला चादर नाही तर करार नाही. करार गेला की चौदा चुली बंद. मग करा तुमचं मौन बारा महिने." त्यांनी कपाळ पुसलं, पुन्हा हसले. "मौनं संमतिलक्षणम्. आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. मी काही खोटं लिहिलेलं नाही. तुम्ही होतात, तुम्ही हरकत घेतली नाहीत. एवढंच लिहिलंय."

तेच तर अवघड होतं. 'संमती' हा एक शब्द सोडला तर कागदात खोटं एकही अक्षर नव्हतं. तरी सगळा कागद खोटा होता.

रवींद्रभाऊ उठले, खिडकीशी गेले, आणि पाठमोरे राहून म्हणाले, "परवा चार इमलीला गेलो होतो, मेहुण्यांच्या सरकारी बंगल्यावर. आशिषच्या खात्यातच मोठे साहेब आहेत ना ते. आशिषचा विषय निघाला. त्याचं कंत्राट सप्टेंबरअखेर संपतंय ना? मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, घरचा आहे. ते म्हणाले, बघू."

आशिष तिचा एकुलता मुलगा. सरकारी खात्यात संगणकावर नोंदी करायचं काम, तेही कंत्राटावर, दर वर्षी नव्याने श्वास धरायचा. वडील कायम नोकरीतून गेले, आजोबा पेन्शन घेऊन गेले, आणि मुलाच्या वाट्याला अकरा-अकरा महिने.

फाटकाकडून आवाज आले. सुरेश दारात आला. "साब, वो नफीसा आई है. हाज़िरी का कागज़ माँग रही है."

रवींद्रभाऊंनी टेबलावरचा कागद उचलला. "येऊ दे आत. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. वहिनी, या."

शेडमध्ये आठही यंत्रं चालू होती. वाफेने पत्र्याखालची हवा पांढरट झाली होती. नफीसा काळ्या ओढणीत हात गुंडाळून दाराशी उभी होती. तेरा बायका आपापल्या जागी, मान खाली, कान इकडे.

"बोल," रवींद्रभाऊ यंत्रांच्या वर आवाज चढवून म्हणाले. "उस दिन सबके सामने पूछा था कि नहीं? किसी ने मना किया? ये काकी खड़ी हैं. इन्हीं से पूछ ले."

नफीसाने मालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकी," ती म्हणाली, "मैंने हाँ कहा था क्या?"

भिंतीवरचं घड्याळ बारा वाजायला अठरा मिनिटं दाखवत होतं.

अठरा मिनिटं. सव्वीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. आशिषच्या जन्माच्या कळा सोमवारी आल्या तेव्हा सुईण म्हणाली होती, अगं ओरड तरी. ही ओरडली नव्हती. यशवंतरावांना रुग्णालयात नेलं तो सोमवार, तेव्हाही तिने बाराची वाट पाहिली होती, आणि बारा वाजण्याआधीच ते गेले. त्यांच्याशी शेवटचं बोलायचं राहिलं. त्याचा हिशोब तिने देवावर सोडला होता. पण ते सोसणं तिचं एकटीचं होतं. आज तिच्या गप्प राहण्याची किंमत दुसरीच कुणी मोजत होती.

नफीसा वाट पाहत होती. रवींद्रभाऊ हसत होते. पाच मोजण्याइतका वेळ जाणार, मग ते "बहुत अच्छा" म्हणणार, हे निर्मलाला दिसत होतं.

तिने दोन्ही हात वर घेतले आणि छातीपुढे एकमेकांवर आडवे धरले.

सगळ्यात जवळ फूलवती होती. तिने खूण पाहिली, हातातली चादर तशीच टाकली आणि लाल बटण दाबलं. पुढचीने दाबलं. तिच्या पुढचीने. आठ यंत्रं एकामागून एक घरघरत, कण्हत थांबली. इस्त्रीचा रूळ थांबला. शेवटी वाफेची नळी फुसफुसून गप्प झाली आणि पत्र्यावर कावळ्यांच्या नख्या वाजत होत्या तेवढं ऐकू येऊ लागलं.

"सुई?" शोभा घाबरून म्हणाली. ती मुलताईकडची, तिची मराठी निराळीच. "कोनाला टोचली, काकी?"

बायकांनी आपापल्या पुढ्यातल्या चादरी हलक्या हाताने उलटायला सुरुवात केली. मिनिट गेलं, दोन गेली. कुठेच सुई निघेना. निर्मलाचे हात अजून तसेच आडवे होते. मग एकेकीच्या लक्षात येऊ लागलं, आणि चादरी उलटणारे हात थांबले.

रवींद्रभाऊंच्या सगळ्यात आधी लक्षात आलं होतं.

"अच्छा," ते म्हणाले. मग मराठीत, हळू, फक्त तिला कळेल असं, "वहिनी, हे काय केलंत कळतंय का? नोटीस न देता काम बंद पाडलंत. नव्या कायद्यात याला बेकायदा हरताळ म्हणतात. तुमच्या सासऱ्यांचे दिवस गेले. तेव्हा झेंडा घेऊन उभं राहिलं की फोटो छापून यायचा. आता दंड होतो." त्यांनी आवाज चढवला आणि सगळ्यांना ऐकवलं, "सुरेश, नावं लिही. तेरा, आणि ही चौदावी. या सगळ्यांनी काम बंद पाडलं."

कुणीतरी "हाय अल्ला" म्हटलं, कुणीतरी "राम राम". सुरेशने वही काढली, पण पेन सापडेना. ते ऑफिसात टेबलावरच राहिलं होतं.

"किंवा," रवींद्रभाऊ म्हणाले, "सुई सापडली म्हणून थांबलो असं लिहीन. काही झालंच नाही. बाराला तुमचं मौन सुटेल, वहिनी, तुम्ही सही कराल, आणि सगळ्या जणी जेवायला बसतील. दहा मिनिटं आहेत. विचार करा."

ती दहा मिनिटं निर्मलाला कधी विसरता आली नाहीत. ओल्या चादरींतून पाणी फरशीवर टपकत होतं. एका बाजूला नफीसा, एकटी. दुसऱ्या बाजूला तेरा जणी, ज्यांच्या घरांत मुलं होती, भाडी होती, दारुडे नवरे होते. आणि यातलं कुणाला विचारून तिने हात वर केले होते? मालकाने न विचारता होकार लिहिला, आपण न विचारता नकार केला. सासरे एकदा पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले होते, "अगं, मालक आपले आठ तास विकत घेतो. आपलं हो-नाही त्यात धरलेलं नसतं. पण एकाने दुसऱ्याच्या वतीने हो म्हणणं वाईट, तसं नाही म्हणणंही वाईटच. संघटना म्हणजे आधी विचारणं." तेव्हा तिने नुसतं "घ्या अजून" म्हटलं होतं आणि बशीत पोहे वाढले होते.

काटे जुळले. बारा. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला नाही.

सुरेश भोंग्याच्या बटणाजवळ उभा होता आणि रवींद्रभाऊंकडे बघत होता. रवींद्रभाऊ घड्याळाकडे बघतच नव्हते.

"सुरेश भैया," फूलवती म्हणाली, "बारह बज गए. भोंगा तो बजा दो, या वो भी साहब से सहमति ले के बजेगा?"

कुणीतरी फिसकन हसलं. सुरेशचा हात आपसूक बटणावर गेला. भोंगा वाजला.

निर्मलाने हात खाली घेतले. खांदे दुखत होते. तिने डोळे मिटून एकदा महादेवाचं नाव घेतलं, आणि दिवसाचा पहिला शब्द उच्चारायला घसा साफ केला.

"सुई नव्हती," ती म्हणाली. आवाज घोगरा आणि इतका हळू होता की मागच्या बायका पुढे सरकल्या. मग ती हिंदीत बोलू लागली, तिच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत, जिची एरवी सगळ्या नक्कल करत. "सुई नहीं थी. मैंने झूठा इशारा किया. इन लोगों ने नियम माना, बस. लिखना है तो मेरा एक नाम लिखो."

"सुई तो थी, काकी," फूलवती पुटपुटली. "साहब के कागज़ में थी."

"तू जरा थांब." निर्मला रवींद्रभाऊंकडे वळली. "भाऊ, मागच्या सोमवारी माझं मौन होतं. तुम्हाला ठाऊक होतं, क्षितिजा मंडळात सगळ्यांना सांगते. यांना ठाऊक नव्हतं, ती माझी चूक. मी गप्प बसले ते माझ्या नेमासाठी. ते या चौदा जणींचं उत्तर नव्हे. त्यांचं उत्तर त्यांना विचारायला पाहिजे."

आणि तिने विचारायला सुरुवात केली. नाव घेऊन, एकेकीला.

"फूलवती, रात की पाली, हाँ कि ना?"

"ना. गाड़ी का भरोसा नहीं."

दुसरी म्हणाली ना. तिसरी म्हणाली ना, आणि लगेच मालकाकडे बघून रडू लागली. चौथी म्हणाली, "घरवाले से पूछना पड़ेगा."

"जरूर पूछ," निर्मला म्हणाली. "पण उत्तर तू द्यायचं, त्याने नाही. अभी तेरा खाली रखते हैं."

शोभाची पाळी आली. "माझं हो हाय, काकी," ती शेवटी म्हणाली. "रात्रीचा भत्ता मिळतो. पोरगी बारावीला हाय. तुमी रागावू नका."

दोघी-तिघींनी तिच्याकडे वळून पाहिलं. "गद्दार," एक पुटपुटली.

"कोणी काही बोलायचं नाही," निर्मला म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तिचं हो तिचं आहे. तिला विचारलं, तिने दिलं. भाऊ, शोभाचं लिहा. गाडी मात्र तिच्या दारापर्यंत सोडायची."

शेवटी ती नफीसाजवळ आली. नफीसा म्हणाली, "मेरा तो आपको मालूम है." मग खाली बघून, "तीन बजे वहाँ मैं अकेली जाऊँगी तो मेरी कौन सुनेगा? कागज़ पे आपका नाम है. आप आएँगी?"

आशिषचा चेहरा निर्मलाच्या डोळ्यांसमोर आला, सकाळी डबा घेताना बुटाची नाडी बांधत असलेला.

"येईन," ती म्हणाली. "तीनच्या आधी येईन."

रवींद्रभाऊंनी कागदाची नीट चार घडी घातली आणि खिशात ठेवली. ते रागावलेले दिसत नव्हते, आणि त्याचीच भीती वाटत होती. "तीनला तिथे दिसलात, तर उद्या या फाटकावर दिसू नका, वहिनी. आणि आशिषचं म्हणाल, तर मी त्याच्या वाटेत जाणार नाही. पण त्याच्यासाठी बोलणारही नाही." जाता जाता ते थांबले. "क्षितिजाला काय सांगू?"

"सांगा, उद्या भजनाला येईन," निर्मला म्हणाली. "तिने येऊ दिलं तर."

जेवणाच्या सुट्टीत ती नळाजवळच्या कट्ट्यावर बसली. उपास होता. शेंगदाण्याचा लाडू हातात तसाच राहिला. सव्वाला फोन वाजला. आशिष.

"आई, तू काय करून बसलीस?" त्याने हॅलोही म्हटलं नाही. "मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांसमोर. 'तुम्हारी माताजी नेता बन गई हैं.' माझं काय होणार कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग कर ना सही! एक सही, आई. तू काय त्या बाईला नोकरीवरून काढलंस? त्यांनी काढलं. तू फक्त होतीस तिथे."

"तेच तर लिहिलंय त्यात. मी होते."

"आजोबांनी झेंडे धरले," आशिष म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तीनदा सस्पेंड झाले. तू मला कौतुकाने सांगायचीस. पण तेव्हा घर कुणी चालवलं? आजीने. लोकांचे ब्लाउज शिवून. हे का नाही सांगत तू कधी?"

सासूबाईंची डोळ्यांशी धरलेली सुई, बल्बखाली वाकलेली मान निर्मलाला आठवली. खरंच होतं ते.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "ते सांगायला हवं होतं."

त्याला भांडण अपेक्षित होतं.

"आशिष, त्या दिवशी मी गप्प राहिले, ती सेवा आहे असं मला वाटलं. त्यांनी ती उचलली आणि नफीसाच्या पायात बांधली. आता मी घरी येऊन दिवा लावू शकत नाही रे, ते सोडवल्याशिवाय. हात जोडले जाणार नाहीत माझे."

"आणि माझी नोकरी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "खोटा धीर नाही देत तुला. काय होईल मला माहीत नाही."

मग फोन कट झाला. त्याने ठेवला की लाईन गेली, कळलं नाही. तिने पुन्हा लावला नाही.

दीडला यंत्रं सुरू झाली. निर्मलाने तिच्या ढिगातल्या उरलेल्या चादरी घडी करून संपवल्या. अर्धवट ठेवल्या तर दुसऱ्या कुणावर भार. घड्या एकावर एक नीट रचल्या. मग नळावर हात धुतले, कपाळावरचा घाम पदराने टिपला, पिशवी खांद्याला अडकवली. कुणाचा निरोप घेतला नाही. फूलवतीने मात्र पाहिलं. यंत्रांच्या आवाजात तिला काही बोलता आलं नाही, आणि खुणांमध्ये या गोष्टीला खूण नव्हती. तिने निर्मलाची रिकामी जागा भरायला आपली ढकलगाडी नुसती अर्धा हात तिकडे सरकवली.

फाटकाजवळ सुरेश खुर्चीवर बसला होता. तो उठून उभा राहिला.

"काकू, पास नाही देता येणार मला. साहेबांनी सांगितलंय."

"पास नको," निर्मला म्हणाली. "वेळ लिही. दोन वाजून पाच मिनिटं. अर्ध्या दिवसाची रजा, घरगुती कारण."

सुरेशने तिच्याकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं. "घरगुतीच लिहू?"

"हो."

त्याने कडी काढली. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. लाल बस येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, तिथून पुढे तीस-पस्तीस. निर्मलाने चपलेचा पट्टा घट्ट केला आणि रस्त्याच्या कडेकडेने बसथांब्याकडे चालू लागली.